पाच फुटांची पाठमोरी बाई

बेंगळूरमध्ये माझ्याइतके फोटो एखाद्या नटीचेही निघाले नसतील, असं मी पाहुण्यांना सांगायचे. आणि त्यातल्या एकातही माझं तोंड दिसत नाही, हेही लगेच सांगून टाकायचे. लोक हसायचे. आमचे हे मात्र हसायचे नाहीत. कुणी बायकोची थट्टा करतंय की आपली, हे त्यांना पटकन कळत नसे, मग ते उगीच चष्मा पुसत बसायचे.

हे म्हणजे बिंदुमाधवराव, माझे यजमान. सरकारी बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन होते. आठवडाभर नव्या इमारतींचे नकाशे काढायचे आणि रविवारी कॅमेरा घेऊन जुन्या इमारती बघायला निघायचे. चामराजपेटेतली कमानीची घरं, मल्लेश्वरमचे लाकडी झालरींचे बंगले, चिकपेटेतली लोखंडी खांबांची कापडदुकानं, आमच्याच राजाजीनगरातले गोल जिने आणि सूर्य काढलेली फाटकं. त्यांना देवळं-राजवाड्यांचं कौतुक नव्हतं. म्हणायचे, त्यांचे फोटो काढायला सगळं जग येतं. शेट्टींच्या घराच्या खिडकीचा फोटो कोण काढणार?

लग्नाला दोन महिने झाले असतील, तेव्हा पहिल्यांदा मला बरोबर नेलं. एका दाराशेजारी उभं केलं. मी पदर सारखा केला, हसले. हे कॅमेऱ्यामागून म्हणाले, "पाठ कर."

"का हो?"

"तोंड दिसलं की बघणारा तोंडच बघत बसतो. घर बिचारं मागं राहतं."

मग त्यांनी समजावून सांगितलं. नकाशात दाराशेजारी एक माणूस काढतात, कारण त्याशिवाय दार दहा फुटी आहे की वीस फुटी ते कळत नाही. फोटोतही तसंच, मापाला माणूस हवा. "आणि तू बरोबर पाच फूट आहेस, हेमलता. याहून सोयीचं काय असणार?" नव्या नवरीला कौतुकाचे पहिले शब्द मिळाले ते हे. सोयीची.

तेव्हापासून मी उभीच आहे. म्हणजे होते. सकाळी कॉफी घेऊन आम्ही स्कूटरवरून निघायचो, कॅमेऱ्याची तिपाई माझ्या खांद्याला. चिकपेटेत दुकानांची शटर अजून खाली असायची, पायऱ्यांवर पाणी मारून रांगोळी घातलेली असायची, कुणी डोक्यावर साड्यांचा गठ्ठा घेऊन बोळातून घाईनं जायचा, फुलवाली सुताच्या दोऱ्यात मोगरा गुंफत बसलेली असायची. हे त्या सगळ्यांना फोटोत येऊ द्यायचे. "ते हलले तर हलू देत," म्हणायचे, "तू हलू नकोस." त्यामुळे त्यांच्या फोटोत सगळं गाव पुसट पळतंय आणि एक बाई खांबाजवळ गप्प उभी आहे, असं दिसायचं.

मी कुरकुर करायचे. ऊन लागतंय, चप्पल चावतेय, विराटला सासूबाईंजवळ ठेवलाय तो रडत असेल, आणि या भिंतीत एवढं आहे तरी काय! हे म्हणायचे, "स्वल्प थांब. झालंच." ते कधीच स्वल्प नसायचं. मग कुठल्यातरी दर्शिनी हॉटेलात उभ्याउभ्या साधा 'खाली' डोसा खायचा आणि घरी परतायचं. विराट झाला ते दिवस सोडले तर मी एकही रविवार चुकवला नाही. मला ते आवडायचं. सगळ्या आठवड्यात तेवढाच वेळ हा माणूस माझ्याकडे टक लावून बघायचा, मग पाठीकडे का असेना. पण आवडतं असं मी कधी म्हटलं नाही. आमच्यात कोण म्हणतं?

आता आमच्यात म्हणजे काय, ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमची घरं इथं शहाजीराजांच्या वेळी आली असं सगळे सांगतात. भाषेत निम्मी कन्नड शिरली, जेवणात आमटीच्या जागी सारू आणि भाजीच्या जागी पल्या आले, पण एक गोष्ट आम्ही गाठोड्यात बांधून आणली ती सोडली नाही. आग्रह. आमच्याकडे कुणीही पहिल्या विचारण्याला हो म्हणत नाही. वाढणाऱ्यानं चिरोटी पुढं केली की ताटावर हात आडवा धरायचा. पुन्हा विचारलं की हात थोडा सैल करायचा. तिसऱ्यांदा "माझी शपथ आहे" म्हटलं की हात काढायचा. पहिल्यांदाच हो म्हणणारी बाई हावरट, आणि एकदाच विचारणारा यजमान कंजूस. हे लहान मुलांनाही ठाऊक असतं.

आमच्या ह्यांना ठाऊक नव्हतं. की होतं आणि जमत नव्हतं, देव जाणे. लग्नानंतरच्या पहिल्या पंक्तीत हे चिरोट्यांचं ताट घेऊन माझ्यासमोर आले. मी रीतीप्रमाणे "नको" म्हटलं. हे "सरी", म्हणजे बरं, म्हणाले आणि पुढच्या पानाकडे गेले! माझ्या शेजारी बसलेल्या आत्तीला हसू आवरेना. पुढं आयुष्यभर तेच. नवी साडी घ्यायची का? नको. सरी. माहेरी जाऊन येतेस? नको. सरी. मी मनातल्या मनात दुसऱ्या विचारण्याची वाट बघत बसायचे आणि हे कॅमेऱ्याची भिंगं पुसत असायचे. या माणसाला शब्द म्हणजे नकाशावरची रेघ. एकदा ओढली की ओढली.

गेल्या वर्षी एका संस्थेला त्यांच्या फोटोंचं पुस्तक काढायचं सुचलं. जुन्या इमारतींसाठी काम करणारी संस्था, तिथली रूपश्री नावाची मुलगी आमच्याकडे येऊ लागली. हुशार, गोड बोलणारी, मला "आंटी" म्हणणारी. फोटोंतली निम्मी घरं आता उरलेली नाहीत, त्यामुळे पुस्तक महत्त्वाचं, असं तिचं म्हणणं. हे खूश झाले. सत्तरी उलटलेला माणूस, पण दार उघडायला मुलासारखा पळायचा. मूळ फिल्म आणि छापलेल्या प्रती कपाटातल्या दमटपणानं बुरशी येऊन खराब झाल्या होत्या. विराटनं वेळेवर सगळं कॉम्प्युटरच्या डिस्कवर उतरवून घेतलं होतं, म्हणून निदान ते तरी वाचलं. विराट मारतहळ्ळीला राहतो, त्याच्या ऑफिसजवळ. महिन्यातून एकदा येतो आणि आमच्या डिस्का, मोबाईल आणि गॅस तपासून जातो.

एक दिवस रूपश्री जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली आणि जरा अडखळतच म्हणाली, "अंकल, एक विचारू? आंटी, बेजार होऊ नका हं. प्रत्येक फोटोत आंटीच आहेत. एकदोन पानं ठीक आहे, पण नंतर लोक इमारत बघणारच नाहीत. आंटी कुठं आहेत तेच शोधत बसतील."

ह्यांच्या शिकवणीचंच ते वाक्य, फक्त पाठीलाही लागू झालेलं.

"मग?" ह्यांनी विचारलं.

"काढता येतात." तिनं एका फोटोवर माझ्याभोवती बोट फिरवलं. कॉटनपेटेतलं निळ्या दाराचं घर होतं. एक क्षण काही झालं नाही, आणि मग मी नव्हतेच. माझ्या जागी दार होतं. दाराचा जो भाग माझ्यामागं झाकलेला होता, तो कुणी कधी पाहिला नव्हता, तोही त्या यंत्रानं रंगवून टाकला होता. फळ्या, खिळे, सगळं.

 हे फोटोकडे बघत राहिले, मग माझ्याकडे वळले. "काय करायचं?"

आता खरं बोलायला हवं होतं. नाही म्हणायचं होतं, की मला राहायचंय. पण आपण होऊन मला ठेवा म्हणणार कशी? हावरटासारखं! शिवाय रूपश्रीसमोर. मी म्हटलं, "काढा की. घरांचं पुस्तक आहे, माझं थोडंच आहे?"

आणि कॉफी करायला आत गेले. दूध मुद्दाम बारीक गॅसवर ठेवलं. कान बाहेर. आता हे म्हणतील, अगं असं कसं, तुझ्याशिवाय काय फोटो. नुसतं "अगं" म्हटलं असतं तरी पुरे होतं.

बाहेरून आवाज आला, "सरी. ती म्हणते तसं करा."

त्या संध्याकाळी मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांना ते कळलंच नाही, कारण तेही गप्प होते. मी मनाशी म्हटलं, ठीक आहे, अजून काही बिघडलेलं नाही. एकदा विचारलंय. अजून विचारतील.

विचारलं रूपश्रीनं. तीन आठवड्यांनी तिचा फोन आला. हे समोर खुर्चीत पेपर वाचत होते. ती म्हणाली, सगळे फोटो तयार झालेत, पण तुम्ही दिलेली डिस्क भरली आहे, आंटी असलेले जुने फोटो वेगळे ठेवायचे का? दुसरीकडे कुठं आहेत का तुमच्याकडे? मी फोन स्पीकरवर टाकला. ह्यांना ऐकू जावं म्हणूनच टाकला. आणि मोठ्यानं म्हटलं, "कशाला ठेवायचे? टाक पुसून!"

पेपर हलला नाही.

"नक्की ना आंटी?"

"नक्की म्हणजे काय! आता मला कुठं लग्नाला दाखवायचंय?"

ती हसली. मीही हसले. पेपर तसाच. नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या म्हणून बोलले, नाहीतर असलं कोण बोलेल? पण मला वाटलं होतं, तिसरी वेळ शिल्लक आहे. तिसऱ्या वेळेची पंगतच बसली नाही. दुसऱ्या दिवशी रूपश्रीनं डिस्क परत आणून दिली. हलकी वाटली, असं म्हणायचा मोह होतो, पण डिस्क जेवढी असते तेवढीच होती. विराट आला तेव्हा मी त्याला गुपचूप विचारलं, तुझ्याकडे दुसरी प्रत असेल ना रे? तो म्हणाला, "नाही गं आई, ती एकच होती. का?" मी म्हटलं, सहज.

पुस्तकाचा समारंभ बसवनगुडीतल्या एका छोट्या सभागृहात झाला. मी मोरपंखी साडी नेसले. सौम्या, म्हणजे विराटची बायको, माझ्या शेजारी बसली. हातात पुस्तक आल्याबरोबर मी पानं उलटायला लागले. मला वेडी आशा होती, की ह्यांनी मागच्या मागं रूपश्रीला सांगून एखादा तरी ठेवला असेल. चामराजपेटेतली कमान. नाही. गोल जिना. नाही. लोखंडी खांबांचं दुकान, जिथं मी उन्हानं चक्कर येऊन पडले होते आणि समोरच्या शेट्टींनी सोडा दिला होता. तिथंही नाही. फुलवाली होती, गठ्ठेवाला होता, एक कुत्रंसुद्धा होतं. त्या कुत्र्याचा मला मनापासून हेवा वाटला.

भाषणं झाली. मग लोकांचे प्रश्न. मागच्या रांगेतले एक गृहस्थ उठले आणि त्यांनी पान उघडून धरलं. मल्लेश्वरममधला एक बंगला, सकाळचं तिरपं ऊन. ते म्हणाले, "इथं पायऱ्यांवर एक सावली आहे. माणसाची वाटते. पण माणूस नाही. छपाईची चूक आहे का?"

मी पान शोधलं. खरंच होती. पायऱ्यांवरून मोडत मोडत वर गेलेली, लांब, डोक्यावर अंबाडा. माझीच. मला पुसलं, पण सावली राहून गेली.

रूपश्रीचा चेहरा उतरला. माइकवर म्हणाली, "सॉरी, आमच्या नजरेतून सुटलं. पुढच्या आवृत्तीत काढून टाकू."

हे व्यासपीठावरून म्हणाले, "नको."

"नाही अंकल, सोपं आहे. पाच मिनिटांचं काम."

"नको म्हटलं ना. राहू दे."

"पण लोकांना ती चूक वाटेल—"

"वाटू दे!" हे खुर्चीतून अर्धवट उठले होते. माइकची गरज नव्हती. "ती सावली कुणीही काढायची नाही. सांगून ठेवतो."

 मग कुणीतरी टाळ्या वाजवल्या, कशासाठी ते त्यांनाही ठाऊक नसावं. सौम्या माझ्या कानाशी म्हणाली, "अप्पा असे कधी बोलतात?" नव्हते बोलत. उभ्या आयुष्यात नाही. सावलीसाठी हा माणूस तीन वेळा बोलला. माझ्यासाठी एकदाही नाही.

ते मला खूप लागलं. घरी येताना रिक्षात मी तोंड बाहेर करून बसले.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. कॉफी झाली. हे कॅमेऱ्याकडे गेले नाहीत. माझ्यासमोर पुस्तक घेऊन बसले, आणि मग मला राहवलं नाही.

"सावली राहू दे म्हणालात. मला का नाही म्हणालात?"

ते म्हणाले, "तूच काढा म्हणालीस."

"म्हणाले! म्हणून लगेच काढायचं? माणूस दुसऱ्यांदा विचारतो की नाही? चिरोटी वाढताना विचारलं नाहीत, साडीला विचारलं नाहीत, सगळं सोडून दिलं मी. पण हे? कपभर दूध तापेपर्यंत मी आत उभी होते, तुमच्या एका शब्दासाठी. त्या फोनच्या वेळी तुम्ही समोर बसला होतात. पेपरसुद्धा खाली केला नाहीत!"

"वाचत नव्हतो," ते म्हणाले.

"मग काय करत होतात?"

ते पुस्तकाच्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, "तू दर रविवारी म्हणायचीस, ऊन लागतंय, पाय दुखतात, या भिंतीत काय आहे. मला वाटायचं, ही माझ्यासाठी ओढत येते. एकदा विचारलं की येते, तेवढ्यावर निभावून न्यावं. दुसऱ्यांदा विचारलं आणि तू खरंच नको म्हणालीस तर? म्हणून कधीच विचारलं नाही, हेमलता. कशालाच नाही. त्या दिवशीही वाटलं, एवढी वर्षं उन्हात उभं केलं, आता तरी हिला सोडावं."

मला रडू आलं. रागानं नाही. राग आला असता तर बरं झालं असतं, रागात निदान काहीतरी करता येतं. मला वाटायचं या माणसाला आग्रह येत नाही. त्याला भीती वाटत होती, आणि मी माझं नको नको त्याच्या ताटात वाढत राहिले. दोघंही एकमेकांचा मान राखत बसलो आणि त्यात माझे सगळे फोटो गेले.

"मला आवडायचं," मी म्हटलं. "सगळे रविवार. एकूण एक."

त्यांनी मान खाली घातली. मग पुस्तक उघडलं आणि कमानीच्या फोटोवर, डाव्या खांबाजवळ बोट ठेवलं. "इथं होतीस. अंजिरी साडी. कमानीची कड इथं, आणि तुझा अंबाडा तिच्या एक वीत खाली."

पुढचं पान. "इथं, तिसऱ्या पायरीवर. हातात भाजीची पिशवी होती, मी ठेव म्हटलं, तू ठेवली नाहीस."

"ठेवली नाही, कारण खाली शेण होतं."

"हो?" ते पहिल्यांदा हसले. "ते मला आजवर माहीत नव्हतं."

पानं उलटत गेलो. दर पानावर त्यांचं बोट मोकळ्या जागेवर जाऊन टेकायचं, न चुकता. इथं तू चिडली होतीस. इथं विराट पोटात होता, म्हणून मी तुला बाजूनं वळवून उभी केली नाही. इथं पाऊस आला आणि तू फळीखाली पळालीस, हा दुसऱ्यांदा काढलेला. मी ऐकत होते. माझ्या पाठीवर या माणसानं एवढं लक्ष ठेवलं होतं, आणि मी इतकी वर्षं भिंती बघत उभी होते.

मग एक लांब पिवळी भिंत आली. चिकपेटेच्या मागची, कापडाचं गोदाम होतं तिथं. तीन सारख्या खिडक्या, खाली दगडी ओटा, आणि दुसरं काही नाही. ह्यांनी बोट उचललं, पहिल्या खिडकीकडे नेलं, थांबले. दुसऱ्या खिडकीकडे नेलं. चष्मा काढून पुस्तक उजेडाकडे धरलं. यंत्रानं भिंत इतकी सफाईनं भरली होती, की एक ओरखडा नव्हता. ते गोदाम पाडून आता तिथं चार मजली मार्केट उभं आहे, जाऊन बघावं तर तेही नाही.

"इथं," ते म्हणाले. "इथं तू..." बोट भिंतीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरलं आणि परत आलं. ओठ हलत होते. मोजत असावेत.

"आठवत नाही," ते म्हणाले. त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही. "कुठं होतीस? तू सांग."

मी फोटोकडे बघितलं. मी कधीच त्या बाजूनं ती भिंत पाहिली नव्हती. माझ्यासमोर फक्त पिवळा चुना होता, नाकापासून हातभर. तो चुना कुठल्या खिडकीखालचा, मला काय माहीत?

हे माझ्या तोंडाकडे बघत होते.

"उजवीकडे," मी म्हटलं. "शेवटच्या खिडकीजवळ."

"सरी," ते म्हणाले. तिथं बोट ठेवलं, थोडा वेळ तसंच राहू दिलं आणि पान उलटलं.